रुग्णालयात दाखल मुलांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून: मुलांच्या वॉर्डातील परिचारिकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

खुब्याचे ऑपरेशन झालेले आजोबा, नुकतीच बाळंत झालेली स्त्री, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण यांच्या पायांवर आपली नजर सवयीने जाते. चौदा वर्षांचा मुलगा मांडीचे हाड मोडून दहा दिवस ट्रॅक्शनमध्ये (पायाला वजन लावून हाड ताणून ठेवलेल्या स्थितीत) पडून असेल, तर मात्र ‘लहान आहे, याला काय होतंय’ असे म्हणून आपण पुढच्या पलंगाकडे वळतो. घरात हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या निरोगी मुलाला शिरेत गुठळी होणे फार दुर्मिळ आहे, हे खरेच. दाखल झालेल्या मुलाचे गणित मात्र वेगळे असते. कॅनडातील नोंदणीतून १९९४ साली प्रसिद्ध झालेला गुठळीचा आकडा दर दहा हजार दाखल मुलांमागे ५.३ असा होता. अमेरिकेतील मुलांच्या रुग्णालयांत हाच आकडा २००१ मध्ये ३४ आणि २००७ मध्ये ५८ आढळला. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये, पण अमेरिकेतील सहा वर्षांतली वाढ डोळ्यांत भरणारी आहे. पूर्वी जी मुले दगावत ती आता अतिदक्षता विभागातून बरी होऊन बाहेर पडतात, आणि त्या प्रवासात त्यांच्या शिरांमध्ये बरेच दिवस नळ्या राहतात, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

गुठळी का होते, हे रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन कारणांवरून आपण नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच शिकलो: रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. मोठ्या माणसांत पहिले कारण ठळक असते आणि गुठळी बहुधा पायात धरते. मुलांमध्ये सर्वांत मोठे एकच कारण सांगायचे, तर ते सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत घातलेली नळी, हे आहे. म्हणजे मुलाची गुठळी बहुतेक वेळा आपणच घातलेल्या, आपणच फ्लश करत असलेल्या नळीशेजारी जन्म घेते. म्हणून या लेखात इंजेक्शनला उशिरा जागा दिली आहे आणि नळी, पाणी व हालचाल यांना आधी.

दाखल करतानाच धोका कागदावर उतरवणे

पहिल्या ड्युटीतच धोक्याची नोंद व्हायला हवी, कारण तिसऱ्या दिवशी प्रत्येक जण असे गृहीत धरतो की दुसऱ्या कोणीतरी ती केली असेल. वयाने सुरुवात करावी. एक वर्षाच्या आतली बाळे, त्यातही नवजात बाळे, आणि वयात आलेली मुले-मुली या दोन टोकांना धोका जास्त असतो. त्यानंतर सेंट्रल लाइन आहे का, मूल दोन-तीन दिवसांहून अधिक काळ पलंगावरच राहणार आहे का, मोठे ऑपरेशन, हाडाला इजा, भाजणे किंवा व्हेंटिलेटर आहे का, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आहे का, हे पाहावे. मूळ आजारांपैकी रक्ताचा कर्करोग (विशेषतः ॲस्परॅजिनेज हे केमोथेरपीचे औषध चालू असताना), नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिने वाहून जाणारा किडनीचा आजार), जन्मजात हृदयविकार, आतड्याचा दीर्घकालीन दाह, डायबेटिक किटोॲसिडोसिस (मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचणे), लठ्ठपणा आणि सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) यांची खूण ठळकपणे करावी. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडून आलेल्या मुलाच्या बाबतीत सिकलसेलचा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला तरुण वयात गुठळी झाली होती का, हे साध्या शब्दांत विचारावे. ‘थ्रॉम्बोसिस’ म्हटले की नातेवाईक मान हलवून ‘नाही’ म्हणतात. ‘कोणाचा पाय एकाएकी सुजून दवाखान्यात ठेवायला लागलं होतं का, रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणाला चालू आहेत का’ असे विचारले की आत्या आठवते.

वयात आलेल्या मुलीला एक प्रश्न एकांतातच विचारावा: हार्मोनच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत का? पाळी नियमित होण्यासाठी, रक्तस्राव कमी होण्यासाठी किंवा घरच्या लग्नासाठी, गणपतीसाठी पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांना घरचे ‘औषध’ मानतच नाहीत, त्यामुळे ‘काही औषधं चालू आहेत का’ या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे नकारार्थी येते. सोबत बाबा किंवा काका उभे असतील तर काहीतरी काम सांगून त्यांना आधी बाहेर पाठवावे आणि मिळालेले उत्तर केसपेपरवर डॉक्टरांच्या नजरेला पडेल अशा जागी लिहावे.

ही नोंद एकदाच करून भागत नाही. ऑपरेशन झाल्यावर, नवी लाइन पडल्यावर, वॉर्ड बदलल्यावर आणि मुलाची हालचाल एकाएकी कमी झाल्यावर ती पुन्हा तपासावी.

नळी: दर राउंडला एकच प्रश्न

‘ही लाइन आज कशासाठी लागते?’ हा प्रश्न रोज सकाळच्या राउंडला मोठ्याने विचारण्याचा हक्क परिचारिकेचा आहे आणि माझ्या मते गुठळी टाळण्याच्या साऱ्या उपायांत सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय तोच आहे. ‘राहू दे, पुन्हा रक्त घ्यायला लागलं तर’ हे उत्तर नव्हे. औषध तोंडावाटे सुरू झाले असेल आणि हाताच्या शिरेतली साधी कॅन्युला पुरत असेल, तर लाइन काढण्याचा विषय आपणच काढावा.

लाइन घालताना जागा व आकार डॉक्टर ठरवतात, पण ट्रे आपण लावतो, त्यामुळे बोलण्याची संधी असते. शक्य तितकी बारीक आणि गरजेपुरत्याच ल्यूमेनची (आतल्या मार्गांची) नळी असावी. नळीने शिरेच्या व्यासाचा ४५ टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये, असे मानतात. जांघेतली लाइन शक्यतो टाळावी. डायबेटिक किटोॲसिडोसिसमध्ये पाणी कमी पडून आधीच दाट झालेले रक्त आणि त्यात जांघेतली नळी ही जोडी विशेष धोक्याची आहे. नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या मुलाच्या जांघेतून रक्त घेणेही टाळावे, मग हातावर शीर सापडायला दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

फ्लश करताना दहा मिलीची सिरिंज वापरावी, कारण लहान सिरिंजने नळीत दाब जास्त येतो. सलाईन एकसंध न ढकलता थांबत-थांबत ढकलावे आणि शेवटचा थेंब जाता जाता क्लॅम्प लावावा, म्हणजे टोकाशी रक्त मागे ओढले जात नाही. नवजात व छोट्या बाळांत फ्लशचे प्रमाण विभागाच्या नियमाप्रमाणे ठेवावे आणि ते पाण्याच्या हिशेबात धरावे. अडथळा जाणवला तर जोर करू नये. नळीतून औषध आत जाते पण रक्त मागे येत नाही, ही ‘लाइन जरा नखरे करते’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. टोकाशी गुठळीचा पापुद्रा धरू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. तिची वेळ लिहून डॉक्टरांना कळवावे.

नळीत औषधाचे कण साचूनही अडथळा होतो. फेनिटॉइन हे झटक्यांवरचे औषध डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) सलाईनबरोबर गेले की त्याचे स्फटिक बनतात, म्हणून त्याच्या आधी व नंतर साध्या सलाईनने फ्लश करावे. लाइनच्या संसर्गाची आणि गुठळीची सोबत असते. त्यामुळे हात धुणे, हब (नळीचे सिरिंज जोडायचे तोंड) घासून निर्जंतुक करणे आणि पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, कापडी ड्रेसिंग दोन दिवसांनी किंवा ओले-सैल होताच बदलणे, ही कामे इथेही मोजली जातात.

पाणी

ट्रॅक्शनमधला तो चौदा वर्षांचा मुलगा इथे पुन्हा आठवावा. त्याचे वजन ४५ किलो आहे. पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या दहांना ५० आणि उरलेल्या पंचविसांना २० या नेहमीच्या हिशेबाने त्याला दिवसाला सुमारे २००० मिली लागतात. चार्टवर मात्र सातशे-आठशेच दिसतात. कारण विचारले तर तो ‘तहान नाही’ म्हणतो. खरे कारण असे असते की युरिनल मागायची त्याला लाज वाटते, समोर मावशी उभ्या असतात, पलीकडे शेजारच्या रुग्णाची बहीण बसलेली असते, म्हणून तो पाणीच पीत नाही. अशा वेळी सलाईन वाढवण्याआधी पडदा ओढावा, युरिनल त्याच्या हाताला लागेल असे ठेवावे आणि शक्य असल्यास हे बोलणे एखाद्या ब्रदरवर सोपवावे. दुसऱ्या दिवशी चार्ट बदललेला दिसतो.

सगळ्यांनाच भरपूर पाणी द्यायचे नसते. हृदयविकार, किडनीचा आजार आणि मेंदूची सूज असलेल्या मुलांत पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलेलेच ठेवावे. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये तर एक फसवी स्थिती असते. मूल डोळ्यांपासून पावलांपर्यंत सुजलेले दिसते, पण पाणी शिरांच्या बाहेर गेलेले असते आणि शिरांमधले रक्त दाट झालेले असते. शिवाय गुठळीला आवर घालणारे अँटिथ्रॉम्बिन लघवीतून वाहून जात असते. अशा मुलाला लघवी वाढवणारे औषध जोरात चालू असेल तर रोजचे वजन, नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा आणि लघवीचे प्रमाण यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. नाडी वाढून हातपाय गार पडू लागले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. जुलाब, उलट्या किंवा ताप असलेल्या बाळाच्या लघवीचा हिशेब डायपर वजन करून ठेवावा. तासाला किलोमागे एक मिलीहून कमी लघवी होऊ लागली की कळवावे.

हालचाल

पोटरीचे स्नायू आकसले की शिरांमधले रक्त वर ढकलले जाते. पडून राहिलेल्या मुलात हा पंप बंद असतो. उठवून चालवता येत असेल तर त्याहून चांगला उपाय नाही. ऑपरेशननंतर कधी उठवायचे याची लेखी सूचना सर्जनकडून त्याच दिवशी मागून घ्यावी. ‘बेडरेस्ट’ असा नुसता शब्द लिहिलेला असेल, तर तो कशासाठी आणि किती दिवस, हे विचारावे. अनेकदा तो पहिल्या रात्रीपुरता लिहिलेला असतो आणि पाच दिवस तसाच पुढच्या पानावर उतरत राहतो.

उठता येत नसेल तर जागेपणी दर तासाला दोन्ही घोटे दहा-दहा वेळा वर-खाली करायला लावावेत. छोट्या मुलाला ‘बाबांच्या गाडीचा ब्रेक दाब, सोड’ म्हटले की जमते. ट्रॅक्शनमधल्या किंवा प्लास्टरमधल्या पायाची निदान बोटे हलवावीत आणि सुट्या पायाचा व्यायाम पूर्ण करावा. बेशुद्ध किंवा औषधाने झोपवलेल्या मुलाचे सांधे परिचारिकेने किंवा फिजिओथेरपिस्टने हलक्या हाताने हलवावेत, दर दोन तासांनी कूस बदलावी. गुडघ्याखाली जाड उशी घालण्याची आपल्याकडे फार सवय आहे. तिने गुडघ्यामागची शीर दाबली जाते, म्हणून आधार द्यायचाच तर पूर्ण पोटरीखाली द्यावा. साबणाचे फुगे फुंकायला दिले तर खोल श्वासही होतो आणि मूल रमते.

पाय चेपण्याबद्दल नातेवाइकांशी पहिल्याच दिवशी बोलावे. आजारी नातवाचे पाय चेपणे, तेल लावून रगडणे ही आजीची माया असते आणि तिला नुसते ‘हात लावू नका’ म्हटले तर ती दुखावते. ‘आजी, पाय रगडू नका; त्याच्याकडून बोटं हलवून घ्या आणि दहा मोजा, ते काम तुमचं’ असे सांगितले तर आपल्याला एक मदतनीस मिळते. आधीच गुठळी असलेला पाय रगडला तर ती सुटून फुफ्फुसाकडे जाण्याचा धोका असतो, हेही तिला स्पष्ट सांगावे.

पायावरचा पंप आणि मोजे

हवेच्या दाबाने आलटूनपालटून पाय दाबणारी यंत्रे वयात आलेल्या मुलांना उपयोगी पडतात, मात्र पट्टा मापात बसला तरच. छोट्या मुलांसाठी योग्य माप बहुधा मिळत नाही. पोटरीचा घेर टेपने मोजूनच पट्टा निवडावा, लावल्यावर आत दोन बोटे जावीत आणि यंत्र दिवसातून किमान १८ तास चालू राहील असे पाहावे. एक्सरेसाठी किंवा आंघोळीसाठी काढलेला पट्टा संध्याकाळपर्यंत पलंगाखाली पडून राहतो, ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक ड्युटीत पट्टा काढून टाचा, घोटे व पोटरीची त्वचा पाहावी. घट्ट मोजे वापरायचे असतील तर तेही मोजमाप घेऊनच, आणि वरची कड गुंडाळली जाऊ देऊ नये, कारण गुंडाळलेली कड दोरीसारखी आवळते. त्या पायात गुठळी असेल किंवा तसा संशय असेल, ताजे फ्रॅक्चर, जखम, त्वचेचा संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याचा दोष असेल, तर दोन्ही टाळावे. बरेच दिवस पडून असलेल्या मुलाला पंप नव्याने लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

हेपरिनचे इंजेक्शन

सेंट्रल लाइन आहे एवढ्याच कारणाने प्रत्येक मुलाला रक्त पातळ करणारे औषध देत नाहीत. ज्याच्या बाबतीत अनेक धोके एकत्र आले आहेत आणि रक्तस्रावाची भीती कमी आहे, त्याच्यासाठी डॉक्टर तसा निर्णय घेतात. बहुधा एनॉक्सापॅरिन हे हेपरिनच्या गटातले औषध लिहिले जाते. प्रतिबंधासाठी दोन महिन्यांपुढील मुलांना किलोमागे ०.५ मिग्रॅ आणि त्याहून लहान बाळांना ०.७५ मिग्रॅ, दर बारा तासांनी, असा प्रचलित डोस आहे. मोठ्या वजनाच्या किशोरांना मोठ्यांसारखा ठरावीक डोस असतो. डोस डॉक्टरच ठरवतात, पण हे आकडे आपल्याला माहीत असावेत, कारण उपचाराचा डोस दोन महिन्यांपुढील मुलांत किलोमागे १ मिग्रॅ आणि त्याहून लहान बाळांत १.५ मिग्रॅ, म्हणजे प्रतिबंधाच्या दुप्पट असतो आणि ऑर्डर वाचताना दोन्हींची गल्लत होते.

चूक होण्याची खरी जागा सिरिंज ही आहे. १८ किलोच्या मुलाला ९ मिग्रॅ द्यायचे आहे. एक मिलीत १०० मिग्रॅ औषध असते, म्हणजे ०.०९ मिली भरायचे. तयार मिळणारी सिरिंज २०, ४० किंवा ६० मिग्रॅची असते, म्हणून औषध दुसऱ्या सिरिंजमध्ये घेतले जाते आणि हाताशी इन्सुलिनची सिरिंज असते. ती नारिंगी टोपीची, १०० युनिटची असेल, तर एक युनिट म्हणजे ०.०१ मिली, म्हणजेच एक मिग्रॅ. नऊ युनिट, हिशेब बरोबर. आपल्याकडे मात्र ड्रॉवरमध्ये लाल टोपीची ४० युनिटची सिरिंजही तितकीच असते. तिच्यात एक युनिट म्हणजे ०.०२५ मिली, आणि नऊ युनिटपर्यंत भरले तर मुलाला साडेबावीस मिग्रॅ, म्हणजे अडीचपट औषध जाते. अशी चुकीची भरलेली सिरिंज सुई टोचण्याआधी दोन मिनिटे हातात धरलेली मी पाहिली आहे. भरणारी सिस्टर अनुभवी होती आणि रात्रीचे दोन वाजले होते. तेव्हापासून मी एवढेच सांगते की यासाठी एक मिलीची, शंभर भागांची ट्यूबरक्युलिन सिरिंजच वापरावी, डोस मिग्रॅ आणि मिली दोन्हींत लिहावा आणि दुसऱ्या परिचारिकेने रेघ डोळ्याने पाहून सही करावी. नवजात बाळासाठी अनेक डोसांची बाटली वापरू नये, तिच्यात बेन्झाइल अल्कोहोल असते.

इंजेक्शन त्वचेखाली, पोटाच्या बाजूला बेंबीपासून दूर किंवा छोट्या बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यावे. चिमूट धरून ठेवावी, नंतर चोळू नये, जागा दर वेळी बदलावी आणि चार्टवर लिहावी. देण्याआधी प्लेटलेट, क्रिएटिनीन (किडनीचे काम दाखवणारी तपासणी) आणि रक्तस्रावाच्या खुणा पाहाव्यात. प्लेटलेट पन्नास हजारांखाली असतील, मेंदूत किंवा इतरत्र रक्तस्राव असेल, तर डोस रोखून डॉक्टरांना फोन करावा. पावसाळ्यात वॉर्ड डेंग्यूने भरतो तेव्हा पडून असलेल्या त्या मुलांसाठी व्यायाम आणि ठरवून दिलेले पाणी हाच प्रतिबंध, इंजेक्शन नव्हे. हेपरिन सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसांत प्लेटलेट निम्म्याने उतरल्या तर ते औषधामुळे असू शकते. पाठीतून पाणी काढायचे असेल तर प्रतिबंधाच्या डोसनंतर किमान बारा तास आणि उपचाराच्या डोसनंतर चोवीस तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच ऑपरेशन थिएटरची यादी पाहावी. अँटी-टेन-ए (रक्तातला या औषधाचा परिणाम मोजणारी) तपासणी सांगितली असेल तर रक्त डोसनंतर चार ते सहा तासांनी घ्यावे. वेळ चुकली तर आकड्याला अर्थ राहत नाही.

रोज पाहणे, आणि संशय आला तर

दोन्ही पोटऱ्या रोज एकाच वेळी, एकाच जागी मोजाव्यात. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली, लहान मुलात त्या मानाने जवळ, पेनाने खूण करून ठेवावी, नाहीतर प्रत्येक ड्युटीत टेप वेगळ्या जागी फिरतो. तीन सेंटिमीटरचा फरक हा मोठ्यांचा निकष आहे; मुलात कालच्या आकड्याशी तुलना जास्त बोलते. पाऊल वर ढकलून पोटरी दुखते का, हे पाहण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, ती सोडून द्यावी.

पायाच्या सुजेपलीकडेही पाहावे. गळ्यातल्या किंवा हातातल्या लाइनच्या बाजूचा हात, मान वा चेहरा सुजणे, छातीवर निळ्या शिरा उमटणे; नवजात बाळात लघवीतून रक्त, पोटात एका बाजूला गोळा, कारण न सापडता उतरणाऱ्या प्लेटलेट; ॲस्परॅजिनेजवरच्या मुलाची न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा गुंगी, जी मेंदूतल्या शिरेची गुठळी असू शकते; आणि एकाएकी वाढलेला श्वास, छातीत दुखणे, उतरलेले ऑक्सिजन, चक्कर. ज्याला बोलता येत नाही ते बाळ फक्त तो हात हलवत नाही किंवा डायपर बदलताना किंचाळते. ‘आज हा एका हातानेच खेळतोय’ असे आईने सांगितले तर लगेच जाऊन पाहावे.

संशय आला की तो अवयव उंच ठेवावा, त्यावरचा पंप व मोजा काढावा, त्यावर रक्तदाबाचा पट्टा किंवा सुई नको, शेक नको, चोळणे नको. लाइनचा वापर थांबवावा, पण ती घाईने काढू नये. कधी काढायची हे डॉक्टर ठरवतील. श्वासाचा त्रास असेल तर मुलाला बसते करून ऑक्सिजन सुरू करावा आणि तातडीची मदत बोलवावी. फोनवर ‘पाय सुजलाय’ एवढेच न सांगता घेर कालचा व आजचा, लाइन किती दिवसांची, शेवटचा डोस किती वाजता, शेवटच्या प्लेटलेट किती, हे एका दमात सांगावे, म्हणजे डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लवकर होते.

घरी जाताना

लाइन काढल्यानंतरही काही दिवस त्या बाजूची सूज दिसू शकते, म्हणून दोन्ही हातांची किंवा पायांची तुलना कशी करायची, हे आईला मुलाच्या अंगावरच दाखवावे. इंजेक्शन घरी चालू राहणार असेल तर आईने आपल्यासमोर दोनदा स्वतः भरून व देऊन दाखवल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नये, आणि वापरायची सिरिंज तिच्या पिशवीत आपणच ठेवावी. तिला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने न देण्याची सूचना लिहून द्यावी. प्लास्टर घालून एसटीने पाच-सहा तासांच्या गावी जायचे असेल तर पाय लांब करता येईल अशी जागा धरावी, वाटेत बोटे हलवत राहावे, पाणी पीत राहावे. सूज, श्वास किंवा डोकेदुखीपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो कागदाच्या मागे नव्हे, पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहावा.